उपाशी बैल

बिभीषण सरांचा मला मनापासून राग यायचा. आमच्या हायस्कुलात चित्रकलेचा तास म्हणजे मोकळं रान. कुणाचाही अभ्यासक्रम मागे पडला की तो खुशाल त्यात शिरायचा आणि हा माणूस रंगांची पेटी काखेत मारून व्हरांड्यात जाऊन बसायचा. मी गणित शिकवतो, माझा आवाज कायम चढलेला. म्हणायचो, "सर, भांडा की एकदा तरी!" त्यावर ते नुसते हसायचे.

यंदा मात्र त्यांना भांडावंच लागलं. शिक्षकांच्या बैठकीत संस्थेचे अध्यक्ष अभिमन्यूदादा म्हणाले, "नववीचा चित्रकलेचा तास बंद. तो गणिताला द्या." बिभीषण सर उठून उभे राहिले. म्हणाले, "दादा, पोरांच्या हातची कला एकदा बघा, मग काय ते ठरवा." दादांना काय वाटलं कोण जाणे, सव्वीस जानेवारीला सगळं मांडायला सांगितलं.

मग सर पेटलेच. पोरं तळ्यावरनं माती आणायची, चाळायची, भिजवायची, तुडवायची. सरांचं एकच पालुपद: "वस्तू आतनं पोकळ ठेवा. भरीव राहिली तर भट्टीत फुटंल, अन् शेजारच्यांना घेऊन जाईल." भाजून झाल्यावर सगळं रंगवायचं ठरलं होतं. नववीतल्या संगीतानं बैल केला. खिल्लारी, मान किंचित वळवलेली, जणू कुणी हाक मारली म्हणून बघतोय. मला कलेतलं काडीचं कळत नाही, तरी मी त्या बैलापाशी दोनदा गेलो.

सरांनी एकेक वस्तू तपासली. तपासणी झाल्यावर आईला दाखवायचा म्हणून संगीता तेवढा बैल एका रात्रीपुरता घरी घेऊन गेली. सकाळी तो सगळ्यांबरोबर आसाराम कुंभाराच्या भट्टीत चढला.

दुसऱ्या दिवशी मीही भट्टीवर गेलो होतो. राख सारली तर आत नुसत्या खापऱ्या. घुबड, पणत्या, जात्यावर बसलेली बाई, सगळ्याचा चुरा. सर उकिडवे बसून तुकडे जुळवत राहिले. जुळण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. बैलाच्या पोटाचा तुकडा तेवढा ओळखू आला, आतून गच्च भरलेला.

संगीता रडतच पुढं आली. "सर, आईनं भरला. म्हनली, पोकळ पोटाचा बैल कावून केलास? पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी चारतो, अन् ह्यो उपाशीच? रातीच पोटाखालच्या भोकातनं ओली माती भरून तिनं ते बुजवून टाकलं. मला सकाळी कळलं. सर, मी भ्याले."

संगीताच्या आईचं, छबुबाईंचं तरी काय चुकलं? आमच्याकडं पोळ्याचे मातीचे बैल भरीवच असतात. पुजायचे आणि पाण्यात सोडायचे. भट्टीत घालतंय कोण?

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कुणाला सांगू नको. आईला तर मुळीच न्हाई."

सव्वीस जानेवारीला टेबलावर पांढरी चादर होती, वर काही नव्हतं. दादांनी विचारलं, "काय हो, काय झालं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी माझा दंड धरला. "माती नीट वाळली न्हाई दादा. माझंच दुर्लक्ष." त्यांची पकड केवढी घट्ट होती! हे बळ स्वतःसाठी का वापरलं नाही या माणसानं? मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त स्वतःची. तास माझ्या नावावर झाला. मी नको म्हणालो, पण माझं कोण ऐकतंय?

पुढच्या आठवड्यात त्याच तासाला मी फळ्यावर समीकरण मांडत होतो. दारात छबुबाई आल्या. रानातनं परस्पर आलेल्या, पाय मातीनं भरलेले. व्हरांड्यात बसलेल्या सरांना त्यांनी विचारलं, "गुर्जी, आमच्या संगीचा बैल कुठं ठिवलाय? बघून जावं म्हनलं."

संगीतानं वहीत मान घातली. माझा खडू फळ्यावरच थांबला.

सर उठून उभे राहिले. "बीडला गेलाय ताई. मोठ्या प्रदर्शनात."

छबुबाईंचा चेहरा उजळला. पदर सावरत त्या जायला वळल्या, मग पुन्हा थांबल्या. "लई लांब हाय की. पोट भरलेलं हाय नव्हं त्याचं?"

"भरलंय ताई," सर म्हणाले. "तुमीच भरलं की."