लस मला बाधली, आता लेकीचं काय?

"मायोकार्डायटिस," डॉक्टर म्हणाले. "हृदयाच्या स्नायूला सूज."

मी जहाजावर काम करणारा, ऐन तिशीतला गडी. म्हटलं, "चेष्टा करताय काय?"

परदेशी बंदरात कोविडच्या लशीचा दुसरा डोस घेतला, लगेच सुट्टी लागली, पालीजवळच्या आमच्या गावी आलो. घरी छातीत कळ आली. अशी कळ आली तर ओवा चावत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. रत्नागिरीला ईसीजी झाला, मग ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन. ते वाढलेलं निघालं.

"लशीनेच ना?"

"शक्यता दाट आहे. तरुण पुरुषांत क्वचित होतं. कोविडनेही होतं, आणि एकूणात जास्त वेळा. बहुतेक जण बरे होतात. तुमच्यापुरतं शंभर टक्के मी सांगणार नाही."

ती लस सुधारित आरएनएची. आरएनए म्हणजे पेशीला धाडलेला निरोप. त्यातलं एक अक्षर बदलतात, म्हणजे शरीर तो आल्या आल्या फाडून टाकत नाही. काम झालं की तो विरघळतो. मग सूज का? "त्यावर अजून वाद चालू आहे," डॉक्टर म्हणाले.

गावात बाकी सगळ्यांनी इथली, वेगळी लस घेतलेली. चुलतभाऊ म्हणाला, "व्हिडिओ करूया. लस म्हणजे विष, असं सांग." जहाजावरचा मित्र फोनवर म्हणाला, "गप बस, लोक घाबरतील." शिरा पडो दोघांच्या तोंडावर! आराम सांगितलेला, म्हणून माडीवर पडून असायचो. भर समुद्रातही मी इतका एकटा नव्हतो.

तेवढ्यात लेक नऊ महिन्यांची झाली. गोवराचा डोस आला.

"नाय," बायको म्हणाली. "लशीनं तुमचं काय केलंन ते बघितलंय मी."

"ही निराळी गो. जुनी. आपण दोघांनीही घेतलेली."

"आणि हिला काय झालं तर?"

मी लेकीचं लशीचं कार्ड शोधून काढलं. ते बघून ती म्हणाली, "मी येणार नाय. न्यायची तर तुम्ही न्या."

नेली. उपकेंद्रातलं बाक रिकामं होतं. सिस्टर मला बघून चकितच झाल्या. "तुम्ही? अहो, तुमचं नाव सांगून आया पोरं परत नेतात!"

"ही माझीच पोर," मी म्हटलं. "टोचा."

लेक किंचाळली आणि मला दरदरून घाम फुटला. सगळं समजून घेतलेलं, तरी भ्यालो. खोटं कशाला सांगू?

घरी बायको दारातच उभी होती. लेकीला माझ्याकडून घेतलंन, दंड बघितलान.

"तुम्ही पण भ्यायलात ना?"

"हो."

मग ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. पोरीच्या कपाळाला आळीपाळीने हात लावत आम्ही दोघं बराच वेळ तिथेच बसून राहिलो.