सायकलवर आलेला पुतण्या

आमच्या घराण्यात अंत्ययात्रेला सायकलवर गेलेला मी एकटाच. तेही भडक पिवळ्या शर्टात, आणि मागून उशी शिवलेल्या, मांडीला चिकटलेल्या काळ्या चड्डीत.

चड्डी माझ्या मेव्हण्यानं, शिरीषनं, पुण्याहून आणली होती. माझं वडवणीत बी-बियाण्यांचं दुकान आहे. खुर्चीत बसून बसून पोट इतकं सुटलं होतं, की गल्ल्याचा खण ओढायचा तर आधी श्वास ओढावा लागे. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं मला सांगितलं, मी ते विसरलो. पण बायको शेजारीच बसली होती. तिनं भावाला कळवलं आणि शिरीष गाडीच्या टपावर दोन सायकली बांधून दारात हजर झाला.

"दाजी, पुण्यात सायकल काढायची म्हणजे ट्रक अंगावर घ्यायचे," तो म्हणाला. "तुमच्याकडं असले मोकळे रस्ते असताना तुम्ही दुकानात बसता?"

"आमच्याकडं रस्ता मोकळा असतो, कारण त्या रस्त्यानं जाऊन करायचं काय हे कुणाला माहीत नसतं," मी म्हणालो.

त्यानं ऐकलं नाही. फोनमध्ये बघून त्यानं धारूरच्या अंगाच्या डोंगरातून एक वाट काढली. गाड्यांची वर्दळ नाही, नुसते चढ-उतार. (उतार कमी होते. हे फोनमध्ये दिसत नाही.)

दिवस ढगाळ होता, पाऊसही पडेना आणि ऊनही. पहिल्या चढावर माझ्या तोंडून जे आवाज निघाले ते ऐकून एक म्हैस बांधावरून उठून गेली. पण घाटमाथा ओलांडला आणि पलीकडचा रस्ता लागला, तो खरंच सुरेख. दोन्हीकडं कापूस, मधून काळी डांबरी पट्टी वर-खाली होत गेलेली, आणि त्यावर कुणीही नाही. जीप नाही, मोटारसायकल नाही. शेतात वेचणीला बाई नाही. बैल झाडाखाली बांधलेले, पण बैलांचा माणूस नाही. चहाच्या टपरीची फळी पाडलेली, पिठाची गिरणी बंद.

"असा रस्ता नशिबानं मिळतो," शिरीष म्हणाला.

मलाही तसंच वाटलं. त्या चड्डीत मला बघणारं कुणी नाही, याहून मोठं नशीब कोणतं? जितका रस्ता सुना, तितका मी खूश. इतक्या सगळ्या माणसांचं एकदम झालं तरी काय, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही.

पुढं एका फाट्यावर बाभळीखाली एक म्हातारे काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. आम्ही पाणी विचारायला थांबलो.

"कुठले पाव्हणे?" त्यांनी विचारलं.

"वडवणीचे."

"वडवणीत कुणाचे?"

"भानुदासरावांचा थोरला मी. सुधाकर."

म्हातारे काठी टेकत उठलेच. "आन मग हितं कावून थांबलास बाबा? चल बिगीनं. उचललं न्हाई अजून."

मला वाटलं, रस्त्यात झाड पडलंय. "काय उचललं नाही?"

"तुझ्या चुलत्याला," ते म्हणाले.

माझे चुलते म्हणजे किसनतात्या, माझ्या वडिलांचे, आबांचे, धाकटे सख्खे भाऊ. माझ्या लग्नात गडबडीत तात्यांना फेटा बांधायचा राहून गेला. बाकी सगळ्यांना बांधला, बँडवाल्यालासुद्धा. तात्या मांडवातून उठले. थोरला मी हाय, मी कावून समजूत घालू, असं म्हणत आबा जागचे हलले नाहीत. मग वाटणी झाली. तात्या आपला हिस्सा विकून डोंगरापलीकडं सासुरवाडीला राहायला गेले. ती वाडी कुठं आहे हेही आम्ही कधी विचारलं नाही, कारण आबांनी बजावलं होतं, "त्याच्या उंबऱ्याला ज्यानं पाय लावला त्यानं मी मेलो समजायचं." आणि फोननं निवडलेल्या रस्त्यावर नेमकी तीच वाडी होती.

शिरीष हळूच म्हणाला, "दाजी, परत फिरू या का?"

मी फिरलोही असतो. पण म्हातारे माझ्या सायकलचं हँडल धरून पुढं चालायला लागले होते.

अंगणात सगळी वाडी जमली होती. आजूबाजूच्या वस्त्याही. रस्ता ओस का होता ते तेव्हा कळलं. आम्ही शिरलो आणि रडणं एकदम थांबलं. मग काकूंनी मला ओळखलं आणि हंबरडा फोडला.

"आलास रं सुधा," काकू माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या. "लेकरा, गाडीचीबी वाट बघितली न्हाईस."

तात्यांचा मुलगा दत्ता डोळे पुसत पुढं आला. "दादा, तुमी येणार न्हाई म्हणून आमी निरोपबी धाडला न्हाई. तुमाला कळलं कसं?"

"दत्ता, खरं सांगू का, आम्ही आपले सहज…"

"सहज कोन येतंय घाट चढून," म्हातारे मध्येच म्हणाले. "रक्ताला कळतंय ते."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यानंतर मी दोनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा बायका आणखी मोठ्यानं रडल्या, म्हणून मी गप्प बसलो.

तात्यांजवळ गेलो. कपाळाला बुक्का, तोंडात तुळशीचं पान. नाक अगदी आबांचं. मला आपलं वाटत होतं, तात्या काय, आहेत डोंगरापलीकडं, कधीतरी भेटतील. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि हेल्मेट तिरडीच्या बांबूवर टक्कन आपटलं.

हेल्मेट काढावं म्हटलं तर हनुवटीखालचा चाप अडकून बसलेला. दत्तानं ओढून बघितलं, शिरीषनं दातानं बघितलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "पुतण्याला पुढं घ्या, खांदा देऊ द्या." बूट तेवढे निघाले. अनवाणी पायांनी आणि डोक्यात हेल्मेट घालून मी तात्यांना खांदा दिला. थोडं अंतर गेल्यावर शिरीष मागून कुजबुजला, "दाजी, दिवा." हेल्मेटच्या मागं एक लाल दिवा असतो. आपटल्यामुळं तो सुरू झाला होता आणि सगळ्या वाटेवर लुकलुकत होता. मागून येणारी माणसं बिचारी ठरावीक अंतर ठेवून चालत होती.

फाट्यावरच्या म्हाताऱ्यांनी वाटेत आपलं उपरणं माझ्या कमरेला गुंडाळलं. "मागं काय लागलंय का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"न्हाई. उशी हाय."

"उशी?"

"बसायला."

त्यांनी बराच विचार केला. "असू दे," ते म्हणाले.

शेताच्या कडेला दत्तानं अग्नी दिला. धूर सरळ वर जाईना, कापसावरच पसरून राहिला. मी रडलो. कुणासाठी ते नीट सांगता येणार नाही. तात्या मला फारसे आठवतही नव्हते. तेवढंच आठवून जास्त रडू आलं.

संध्याकाळी दत्तानं आम्हाला सायकलींसकट पिकअपमध्ये घालून वडवणीला सोडलं. वाटेत बायकोचा फोन आला. "अहो, भावकीच्या ग्रुपवर तुमचा फोटो आलाय. आबांनी बघितला. दुपारपासून बोलले नाहीत."

आबा ओट्यावर बसले होते. मी समोर उभा राहिलो. कमरेला उपरणं तसंच होतं.

"खांदा दिलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पुढून का मागून?"

"पुढून."

त्यांनी माझ्या कमरेच्या उपरण्याकडं बघितलं. मग म्हणाले, "जड व्हता का?"

"न्हाई आबा. लई हलका."

"लहानपणीबी हडकुळाच व्हता," आबा म्हणाले आणि आत निघून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सावडायच्या दिवशी मात्र सकाळीच अंघोळ करून, टोपी घालून गाडीत जाऊन बसले. मी सगळं खरं सांगायला तोंड उघडलं, की आम्ही चुकून गेलो होतो. आबा म्हणाले, "मला म्हाईत हाय. तू मुद्दाम जाणाऱ्यातला न्हाईस. गाडी चालव."

राखेपाशी दोघा-तिघांनी धरूनही आबा उठेनात. उतरवून ठेवलेली टोपी त्यांनी घातलीच नाही. काकूंनी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. एवढंच झालं. पण एवढं व्हायलाही माणूस जावा लागला.

शिरीष सायकल माझ्याकडंच ठेवून गेला. साखर अजून आहे, त्यामुळं मी अधूनमधून त्या रस्त्यानं जातो. पण पिवळा शर्ट आणि हेल्मेट आता तिकडं सगळे ओळखतात. मी लांबून दिसलो की टपरीवाला फळी पाडतो, बाया वेचणी थांबवून पदर डोक्यावर घेतात आणि कुणीतरी बांधावरून हाक मारतं, "कोन गेलं, सुधाकरराव?"

मी ओरडून सांगतो, "कुणी न्हाई, व्यायामाला चाललोय." त्यावर आजवर एकाचाही विश्वास बसलेला नाही. मी व्यायामाला निघालो की त्या वाटेवरची गावं आधी घरात जाऊन आपापले म्हातारे बघून येतात.