सरहानच्या न्हाणीघरातली बंदूक

निझव्याच्या बाजारात बातमी फुटली ती अशी, की सरहानने होणाऱ्या व्याह्याची बंदूक मुद्दाम गंजवली, कारण त्याला लेकीचं लग्न मोडायचंय.

लग्न मोडायचं वगैरे सगळं झूठ. बंदूक मात्र गंजवली होती, तीही मन लावून. सरहान तरुणपणी फौजेच्या शस्त्रागारात होता, तिथून हा एकच नाद घेऊन घरी आला. जुन्या बंदुकीची उडालेली काळी झिलई परत आणायची तर पोलाद आधी ओलाव्यात गंजू द्यायचं, मग उकळत्या पाण्यात सोडायचं. तांबडा गंज काळा पडतो. वरची भुकटी घासून काढायची, की पुन्हा पहिल्यापासून. निझव्याच्या कोरड्या हवेत ओलावा आणायचा कुठून? म्हणून नळी टांगलेली न्हाणीघरात. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने ती पाहिली आणि नळापेक्षा त्याची जीभच जास्त वाहिली.

दुपारी व्याही नबहान दारात हजर. लग्नातल्या पुरुषांच्या नाचात आपल्या आजोबांची ती जुनी मार्टिनी बंदूक त्यालाच उंच फेकून झेलायची होती, म्हणून तर त्याने ती सरहानकडे झिलईला दिली होती. सरहानने कॉफी ओतली. नबहानने पेला तसाच खाली ठेवला. आमच्याकडे असा पेला ठेवला, की मागणं पुरं झाल्याशिवाय पाहुणा घोट घेत नाही. न पिता उठला तर सोयरीकही उठली.

आतून सरहानची बायको रय्या म्हणाली, "घ्या. आता लेकही घरात आणि बंदूकही न्हाणीघरात."

"बोला व्याही, काय हवं?" सरहानने विचारलं.

"बंदूक दाखवा."

"एक उकळी राहिलीय हो. नवरी सजायच्या आधी बघू नये."

"आहे तशी दाखवा."

सरहानने नळी आणली. खजुरासारखी तांबडीलाल. नबहान उठायलाच लागला.

"कॉफी निवेपर्यंत तरी थांबा," सरहान म्हणाला. अंगणातल्या चुलीवर लांबोडकं पातेलं खळखळत होतं. त्याने नळी त्यात सोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात पाण्याची विनवणी केली.

नबहान वाकून बघत राहिला. तांबडं हळूहळू काळवंडलं. सरहानने नळी काढून घासली, तेलाचा बोळा फिरवला. काजळासारखी काळी.

नबहानने ती हातात धरली, हुंगली. मग बसला आणि गार कॉफी एका दमात प्यायला. तरी कुरकुरलाच, "पण माझ्या आजोबांची बंदूक, आणि न्हाणीघरात?"

सरहान म्हणाला, "आठवडाभर आमच्या घरात गरम पाण्याने तीच काय ती न्हातेय, व्याही. आम्ही गेलो का बाजारात सांगायला?"