पहिला नंबर शिडीवाल्याचा

"पहिला नंबर शिडीवाल्याचा. बदल न्हाई."

मामा फोनवर हे म्हणायचे तेव्हा पलीकडे वारा घोंघावत असायचा, आणि त्यांच्या हातातली पक्कड लोखंडी खांबावर टकटक वाजत असायची. बोलताना ठेका धरायची त्यांची सवयच होती. इकडे मी सबस्टेशनात उभा, एक हात ब्रेकरच्या स्विचजवळ आणि त्या हाताला घाम. वाक्य ऐकलं की मी श्वास सोडायचो आणि लाइन चालू करायचो.

तुम्हाला हे चमत्कारिक वाटेल, म्हणून नीट सांगतो. मामा लाइनमन, सगळ्या सबस्टेशनचेच मामा; मी ऑपरेटर. आमचं सबस्टेशन पाथरीच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. कुठे तार तुटली की मामा फोन करायचे. मी त्या गावांची लाइन बंद करून त्यांना परमिट द्यायचो, म्हणजे आता खांबावर चढायला हरकत नाही. काम आटोपून खाली उतरले की ते परमिट परत करायचे आणि मग मी लाइन सोडायची, म्हणजे चालू करायची. पण त्या दोन फोनांच्या मधे खांबावर एक माणूस तारेला हात घालून असतो, आणि त्याचा जीव माझ्या बोटाखाली असतो. नोकरीला लागलो तेव्हा वाटलं होतं, सवय होईल. ती कधी झाली नाही.

शिडीवाला म्हणजे एक रॉक अल्बम. माझ्या जन्माच्या आधी तिकडे इंग्लंड-अमेरिकेत निघालेला. कव्हरवर भिंतीला टेकवलेली शिडी होती म्हणून शिडीवाला. माझा खिडकीवाला, त्याच्या कव्हरवर खिडकी होती. खरी नावं मुद्दाम देत नाही. नावं दिली की तुम्हीही बाजू घेणार, आणि सगळ्यात मोठा अल्बम कोणता हा वाद आमच्या दोघांतच राहिलेला बरा.

बोरीकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातल्या माणसाला हे वेड लागलं कसं, असं तुम्ही विचाराल. मामांचे मेहुणे परभणीत टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबांचं कॅसेटींचं खोकं त्यांच्या दुकानात पडून होतं. ते मामांनी उचललं आणि खांद्याला टेप अडकवून मेंढरांमागे हिंडताना वाजवलं. गाण्यातला एक शब्द त्यांना कळायचा नाही. मेंढरं मात्र शिडीवाल्याला माना वर करायची, असं ते छातीठोकपणे सांगत.

मला हा नाद डिप्लोमाला असताना होस्टेलवर लागला होता. अख्ख्या तालुक्यात असला प्राणी मी एकटाच, असा माझा समज होता. रुजू झालो त्याच आठवड्यात मोबाइलवर खिडकीवाला लावून बसलो होतो. मामा कमरेचा पट्टा ठेवायला आत आले, दारातच थांबले, गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "चांगलं हाय. पण नक्कल हाय. शिडीवाल्यानं हे आधीच करून ठिवलंय."

तिथून जी जुंपली ती बरीच वर्षं. मामांचं माप एकच: नंतरच्यांनी कुणाचं उचललं ते बघा, ज्याचं उचललं तो मोठा. आपल्याकडच्या वरातीत वाजणारा ठेकासुद्धा शिडीवाल्याकडूनच आलाय, असा त्यांचा दावा होता, आणि पुरावा मागितला की ते टेबलावर पक्कड आपटून दोन्ही ठेके वाजवून दाखवत. मला ते दोन्ही कधीच सारखे वाटले नाहीत. माझं म्हणणं, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत बोट बटणाकडे जाऊ नये, तो खरा मोठा अल्बम. आणि शिडीवाल्याच्या दुसऱ्या बाजूची दोन गाणी म्हणजे निव्वळ भरताड. हे म्हटलं की मामा माझा चहा न पिता उठून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे, दोन नवे मुद्दे घेऊन.

एक सांगायला हवं. मामा भित्रे होते आणि ते लपवत नसत. खांबाला हात लावण्याआधी ते उलट्या पंजाने हलकेच शिवून पाहायचे, मग तारेवर अर्थिंगची साखळी टाकायचे, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी, पुन्हा मला फोन करायचे, लाइन खरंच बंद आहे ना. बाकीचे लाइनमन हसायचे. मामा म्हणायचे, "मी भेतो म्हनून हाय, सायेब. न भेणारे कुटं हायत, बगा बरं."

न भेणारे कुठे गेले ते आम्हा दोघांना माहीत होतं. दूरच्या एका सबस्टेशनात असंच झालं होतं. लाइनमन साखळी न टाकताच खांबावर, त्याचा मोबाइल खाली गाडीवर. गावातल्या कुणीतरी तो उचलून ऑपरेटरला सांगितलं, झालं काम, सोडा लाइन. ऑपरेटरने सोडली. ती बातमी आली त्या दिवशी मामा माझ्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, मला असं काहीतरी विचारत जा जे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. आमच्या दोघांत असं एकच होतं. तेव्हापासून परमिट परत आलं की मी विचारायचो, "मामा, पहिला नंबर कुणाचा?" आणि उत्तर ऐकल्याशिवाय स्विचला हात लावायचो नाही.

एका उन्हाळ्यातली दुपार मला विसरता येत नाही. वावटळीने दोन ठिकाणी तारा तुटल्या होत्या. सकाळपासून लाइन बंद, उसाचं पाणी थांबलेलं, फोनवर फोन. मग मामांचा आला. "परमिट परत घ्या, सायेब. लाइन सोडा."

आवाज मामांचाच होता. पण मागे बऱ्याच माणसांचा गलका होता आणि पक्कड वाजत नव्हती. मी विचारलं, पहिला नंबर कुणाचा?

"तुमचाच, सायेब. तुमी म्हणायलाव तेच खरं. खिडकीवाल्याचाच पहिला नंबर."

इतक्या वर्षांत मामांनी खिडकीवाल्याला दुसरा नंबरसुद्धा दिला नव्हता. तिकडे फोन स्पीकरवर आहे, हे गलक्यावरून कळत होतं. मी नाही म्हटलं असतं तर मामांचं काय झालं असतं कोण जाणे. म्हणून म्हणालो, बरं, सोडतो, मशीन तापलंय, जरा वेळ लागेल. फोन ठेवला, पॅनेलला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. माझ्या मोबाइलवर त्याच नंबरावरून पुन्हा पुन्हा फोन येत राहिला. मी घेतला नाही. तिकडे काय चाललंय ते कळायला दुसरा मार्ग नव्हता.

शेवटी सबस्टेशनच्या फोनवर रिंग आली. आधी पक्कड ऐकू आली, टकटक. मग मामा. "पहिला नंबर शिडीवाल्याचा. बदल न्हाई." मला रडू फुटलं. मी लाइन सोडली.

झालं होतं ते असं. काम संपलं समजून मामांनी साखळी काढली होती. तेवढ्यात उसाच्या पलीकडच्या खांबावर त्यांच्या जोडीच्या लाइनमनला तार धरणारी एक पिन ढिली दिसली आणि तो पुन्हा चढला. इकडे पंचवीस-तीस माणसांनी मामांना घेरलं. वर माणूस आहे म्हणून ते सांगत होते, पण उसामुळे खांब दिसत नव्हता आणि लाइनमनच्या सबबी ऐकून लोकांचे कान किटले होते. एकाने त्यांचा फोन हिसकावला, नंबर लावला आणि तोंडासमोर धरला. दुसऱ्याच्या हातात उसाचं कांडं होतं. जोडीदार खाली उतरून समोर आला तेव्हा कुठे लोकांनी फोन परत दिला, आणि मी मोबाइल घेत नाही म्हणून मामांनी सबस्टेशनचा नंबर लावला.

त्या संध्याकाळी मामा माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांना कप धरता येत नव्हता. मीच धरला. दोन घोट घेतल्यावर म्हणाले, "तुमचा खिडकीवाला येवड्या कामाचा हाय, हे मान्य." त्याउपर त्या दिवशी वाद झाला नाही.

मामा निवृत्त झाले, बोरीला गेले. अधूनमधून फोन करायचे आणि नमस्काराआधी नंबर सांगायचे. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, वडलांना परभणीला दवाखान्यात ठेवलंय, भेटून जा.

गेलो तेव्हा सकाळची उन्हं त्यांच्या चादरीवर होती. उशाशी मुलगा, पायाशी मामी. डॉक्टर म्हणालेत सुधारणा आहे, मुलगा सांगत होता, दोन दिवसांत घरी नेऊ. मामी मान हलवत होत्या. मामा छताकडे पाहत होते. मी सवयीने विचारलं, "मामा, पहिला नंबर कुणाचा?"

त्यांनी मामीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"तुमचाच, सायेब."

मामी हसल्या. म्हणाल्या, "मानलं बगा येकदाचं. घरात आमाला त्या शिडीशिवाय दुसरं काय ऐकू दिलं न्हाई." मुलगाही हसला. मला हसता आलं नाही. हाताला तोच घाम फुटला, आणि खिशात किल्ली चाचपावी तसा मी उगाच खिसा चाचपला. मामांनी डोळे मिटून घेतले होते. दोन बोटं पलंगाच्या लोखंडी कडेवर होती, पण वाजत नव्हती.

त्यांना घरी नेता आलं नाही.

आता नवा लाइनमन आहे, चुणचुणीत आहे. परमिट परत करतो आणि मी गप्प राहिलो की विचारतो, "सायेब, आवाज येतोय ना?" मी त्याला त्याच्या आईचं नाव विचारतो, जोडीच्या लाइनमनचं विचारतो, तरी हात लगेच पुढे होत नाही.

खिडकीवाला अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. मामांच्या तोंडून त्याला पहिला नंबर मिळाला, तोही दोनदा. पण तो लावायची मला भीती वाटते.