टॉवरची अट

मी लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावाची सरपंच होते तेव्हाची गोष्ट. गाव खोलगट जागेत वसलेलं, त्यामुळे मोबाईलला रेंज नाही. एका कंपनीचा अधिकारी टॉवरसाठी पंचायतीची जागा मागायला आला, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला.

ग्रामसभेत तो म्हणाला, "अट एकच. दुसऱ्या कंपनीला या टॉवरवर किंवा पंचायतीच्या इतर जागेवर येऊ द्यायचं नाही."

मी विचारलं, "मग तुमची सेवा बिघडली तर आम्ही कुणाकडं जायचं?"

"ताई, ती वेळ येणार नाही."

हे बोलणं मी आधी ऐकलं होतं. गावात दूध घेणारी एकच डेअरी होती, तेव्हा तिचा माणूस सांगेल तो भाव आणि तो म्हणेल तेवढंच फॅट. दुसरी डेअरी आल्यावर तोच माणूस दारात येऊन चहा मागू लागला. म्हणून मी म्हणाले, "जागा देऊ, पण टॉवर सगळ्यांना खुला पाहिजे."

मागं बसलेले एक म्हातारे उठले. त्यांची लेक पुण्याला दिली होती. "आलेलं माघारी घालवू नका, ताई. लेकीशी बोलायला मला टेकडी चढावी लागती. माझे गुडघे लई दुखतेत."

तरी मी अट मान्य केली नाही. अधिकारी 'वर विचारतो' म्हणून गेला आणि आलाच नाही. हापशावर बायका मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या, "आपल्या सरपंचीणबाईला लई कायदा कळतो."

वाईट वाटायचं, पण आपलं चुकलंय असं वाटलं नाही. मी जीपनं लोहाऱ्याला गेले आणि सिमकार्डाच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीच्या माणसाचा पत्ता काढला. त्याला म्हणाले, "जागा आहे, वीज आहे, आणि तुम्हाला कुणी अडवणार न्हाय." आठवड्याभरात त्यांची माणसं गावात मोजमाप करायला आली.

ही बातमी पहिल्या कंपनीला पोचायला वेळ लागला नाही. तोच अधिकारी गाडी घेऊन हजर.

"ताई, ती अट काढलीय आम्ही."

"आणि दुसरे आले तर?"

"येऊ द्या की. भाडं वाटून घेऊ."

टॉवर उभा राहिला. वर्षभरात दुसऱ्या कंपनीनंही त्याच टॉवरवर आपली यंत्रं बसवली. त्या पावसाळ्यात पहिलीची सेवा सारखी बंद पडायला लागली, तेव्हा निम्म्या गावानं नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. त्यात ते म्हातारेही होते. मग पहिलीची माणसं सुट्टीच्या दिवशीही दुरुस्तीला येऊ लागली.

आता शेजारच्या गावांचे सरपंच करार करण्याआधी मला फोन करतात. मी त्यांना एवढंच सांगते, जागा द्या, पण दुसऱ्याची वाट बंद करू नका.