विकतचा भात

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. कॅन्टीनच्या एका टेबलावर चार माणसं वर्षानुवर्षं समोरासमोर डबे उघडतात आणि किस्से आपोआप साठत जातात, माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे. आवरायला काढले की प्रश्न पडतो, अरे, आपण हसून हसून सांगायचो ते हेच का? यात हसण्यासारखं होतं तरी काय?

ऐंशी सालानंतरची गोष्ट. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीच्या स्टोअर्समध्ये आम्ही चौघं होतो. साळुंखे माणदेशातला, बहात्तरच्या दुष्काळानंतर गाव सोडून आलेला. देसाईबाई मालवणकडच्या, टायपिस्ट. भोईर तळवलीचा, म्हणजे इथलाच, आम्ही सगळे यायच्या आधीपासूनचा. आणि मी दामले, दादरची खोली सोडून वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलेलो. पगार वेळेवर होत होता, डबे भरलेले होते. तरी आमच्यात एकालाही सुखाने जेवता येत नव्हतं. मी स्वतः आंबलेलं श्रीखंड टाकवत नाही म्हणून खाल्लं होतं आणि श्रीखंडापेक्षा जास्त पैसे डॉक्टरला दिले होते!

*

साळुंखे जेवायला बसला की डावा हात डब्याभोवती कुंपणासारखा घालायचा. मान खाली आणि सुरू. बोलणं नाही, चव घेणं नाही. आमचं झाकण उघडेपर्यंत याचा डबा साफ!

एकदा मी चेष्टेने म्हटलं, "साळुंखे, जरा सावकाश! इथं कोण पळवतंय तुझी भाकरी?"

त्याने घास गिळला, पाणी प्यायला आणि शांतपणे म्हणाला, "तुमच्या ताटातली कुणी पळवली न्हाई अजून, दामले. म्हणून इचारताय."

त्या दिवशी उरलेली पोळी मी तशीच घरी परत नेली.

*

दिवाळीचा बोनस झाला. देसाईबाईंनी साळुंखेला दम भरला, "यंदा बायकोला साडी घ्या. नुसते पैसे धरून बसू नका!"

त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "घेतलीत साडी?"

"ज्वारीचं पोतं घेतलं."

"अहो, काय हे!"

"साडी काय, फाटती. अडचणीला खाता येती का?"

हा किस्सा अख्ख्या कंपनीत फिरला. पण पुढे मी त्याच्या घरी गेलो. एक खोली. कॉटखाली पोती, कोपऱ्यात पोती, आणि भिंतीकडे पोती आडवी टाकून त्यावर गोधडी अंथरलेली. मुलगी तिथेच झोपायची. त्याची बायको हसत म्हणाली, "भावजी, आमच्याकडं पाव्हण्याला बसाय जागा न्हाई, पण ऱ्हायाला वरीसभर ऱ्हावा!"

मी हसलो. ती मात्र हसता हसता मध्येच थांबली.

दमट हवेत खालच्या पोत्यांना कीड लागली. साळुंखेने रजा टाकली, बिल्डिंगच्या गच्चीत ज्वारी पसरली आणि दिवसभर चाळत बसला. किडकी ज्वारीही फेकायला तयार होईना. देसाईबाई म्हणाल्या, "अहो, खाली दुकान आहे. हवी तेव्हा मिळते!"

"त्या वर्षीबी दुकानं हुती, बाई," साळुंखे म्हणाला.

*

देसाईबाईंची तऱ्हा वेगळी. नवरा बोटीवर, दोन्ही मुलं गावाला सासूबाईंकडे, आणि बाई वाशीत एकट्या. पण डबा चार खणांचा! भात, बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी, वर खोबऱ्याच्या वड्या. आम्ही तुटून पडायचो.

"बाई, एवढं कशाला करता हो?"

"काय करू? मला एकटीपुरतं करताच येत नाही. हात आखडतच नाही माझा!"

सगळ्यांना वाढून झालं की बाई स्वतः ताक-भात खायच्या. तिखलं मुलांचं आवडतं, ते आपण खाल्लं की तोंडात फिरतं, असं एकदा बोलून गेल्या.

भोईरने विचारलं, "मंग रविवारी काय करता?"

"रविवारी तुम्ही कुठे असता?" बाई म्हणाल्या. "रविवारी चहा-बिस्कीट."

*

भोईरच्या जमिनी नव्या शहरासाठी सरकारने घेतल्या, त्याचे पैसे आले आणि त्याचा हात सैल झाला. वाशीच्या हॉटेलात अख्ख्या डिपार्टमेंटला मटण! कोणाचा वाढदिवस नाही, बारसं नाही, काही नाही. वेटर बिल आणायच्या आत भोईरच्या नोटा टेबलावर. परत आठवड्याने तेच!

मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, बँकेत टाक. उद्या लागतील. काय टेन्शन नाही राहणार."

"खा रे दामले, खा. आनखी मागव. लवकर संपू दे त्यो पैसा."

तो प्यायलेला नव्हता. मटणाला त्याने हातसुद्धा लावला नव्हता.

*

खरा घोर होता तो भोईरच्या वडिलांचा. घरात सगळे त्यांना बा म्हणायचे, म्हणून आम्हीही बाच म्हणायला लागलो.

त्यांच्या घरात विकतचा तांदूळ कधी आलाच नव्हता. शेतातलं भात कणगीत भरायचं आणि वर्षभर खायचं. दुकानातून तांदूळ आणणं म्हणजे गावात नाक कापून घेणं. जमीन गेल्यावर बाकीच्यांनी मुकाट्याने पिशवी उचलली. बा मात्र कणगीतल्या उरलेल्या भातावरच जेवत होता. कणगी जसजशी खाली जायला लागली तशी आमच्या टेबलावर रोज एकच चौकशी, "भोईर, उरलंय का रे?"

सुनेने एकदा गुपचूप दुकानातला तांदूळ मिसळला. पहिल्याच घासाला बाने ताट सरकवलं. रागावला नाही. म्हणाला, "तुजी चूक नाय गो पोरी. पन यो माजे जमिनीचे पैशांचा भात हाय. जमीन कशी खाऊ मी?"

मग कणगी संपली. घरात एकच पोतं राहिलं, बियाण्याचं. आणि बियाणं खायचं नसतं! माणूस उपाशी राहील, पण त्याला हात लावणार नाही. ते पेरायला जमीन मात्र नव्हती. बा वाटीभर कालवण आणि कांद्यावर दिवस काढू लागला. डॉक्टर म्हणाला, आजार काही नाही, यांना जेवायला घाला. भोईरला सांगताना रडू आवरेना. "हाडां दिसाया लागली रे त्याची. पैसा हाय, घर भरलेला हाय, आनि माजा बाप उपाशी मरतो."

देसाईबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "रविवारी आपण सगळे जाऊया."

*

गेलो. घरातल्यांनी आम्हाला पडवीत बसवून जेवायला वाढलं, कारण पाहुण्याला तसंच पाठवायची तिथे रीत नाही. बाईंचं तिखलं बाने चाखलं, चांगलं म्हणाला, भाताला हात नाही. भिंतीला टेकून आमच्याकडे बघत राहिला. जरा वेळाने कळलं, ताटाभोवती डावा हात घालून जेवणाऱ्या एकट्या साळुंखेकडे तो बघत होता.

"कवा उपाशी होतास रे, पोरा?"

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी त्याला हे विचारलं नव्हतं.

"बहात्तरला," साळुंखे म्हणाला. मग मान वर न करता, "बाबा, आमी बियाणं खाल्लं. आईनं दळलं, आन् आमी खाल्लं. पाऊस आला तवा पेराय काय नव्हतं."

बा उठला. आत गेला आणि ते पोतं ओढत बाहेर घेऊन आला. भोईर धावला, त्याला हात लावू दिला नाही. धापा टाकत पोतं साळुंखेसमोर ठेवलं.

"जमीन हाय अजून?"

"हाय."

"मंग ह्या ने. पेर. तुमचे गावाला भात पिकतं ना?"

माणदेशात, जिथे ज्वारीला पाणी पुरत नाही, तिथे भात! मी तोंड उघडणार तेवढ्यात देसाईबाईंनी माझा हात घट्ट दाबला.

साळुंखे म्हाताऱ्याकडे बघत म्हणाला, "पिकतो की, बाबा! लई पिकतो. पाटाला पाणी हाय आमच्या."

पोतं त्याने खांद्यावर घेतलं. आम्ही बसस्टॉपपर्यंत चालत आलो. तिथे भोईरने विचारलं, "खरंच पिकतं काय रे?"

"कुसळबी उगवत न्हाई," साळुंखे म्हणाला. पण पोतं काही त्याने खाली टेकवलं नाही. पुढे त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

सोमवारी भोईर डबा उघडून तसाच बसून राहिला.

"काय झालं?" देसाईबाईंनी घाबरून विचारलं. "बा बरे आहेत ना?"

"काल सांजला बा ताटावर बसला," भोईर म्हणाला. "माजे बायकोला बोलला, 'भात वाढ गो.' ती भ्याली. बोलली, 'बा, दुकानातलाच हाय.' तं बोलला, 'म्हाईत हाय. वाढ.'"