चांगला स्वैपाक येतो म्हणून सांग!

मुलींच्या शाळेत दिवसभर घसा कोरडा केल्यावर संध्याकाळी पुन्हा पडवीत इंग्रजी शिकवायची अवदसा मला का आठवली, कोण जाणे. मुंबईला साहेबांच्या घरी कामाला जाऊ बघणाऱ्या बायका यायच्या. घर मांडवी बंदराच्या वाटेवर. आगबोटीच्या दिवशी हमाल, कोळणी, बैलगाड्या यांचा असा गलका की माझं मलाच ऐकू येईना. तो गलका मला आवडायचा, हे मात्र खरं.

त्यांतली एक विधवा दिराच्या घरी राबत होती. तिथून सुटायचं, एवढाच तिचा ध्यास. हाताला चव अशी की आळीतली लग्नकार्यं तिच्याशिवाय अडायची. त्या सुमाराला एका मडमेला मुंबईला न्यायला स्वैपाकीण हवी होती. मी शब्द टाकला आणि हिच्याकडून एकच उत्तर घोकून घ्यायला बसले. स्वैपाक येतो का, तर "येस मॅडम, व्हेरी गुड कुक." आमच्या या बाईसाहेब "येस मॅडम"पर्यंत यायच्या आणि पुढे पदर तोंडाला.

"अगं, पुढचं बोल!"

"बाई, सोताच्या तोंडान कसा सांगू?"

"मग काय मी सांगू?"

शेवटी मडमेकडे तिच्याबरोबर गेलेच. मडमेनं विचारलं आणि हिनं मान खाली घालून, मी कधी न शिकवलेलं इंग्रजी काढलं, "लिटल लिटल, मॅडम." मी कपाळाला हात लावला. मध्ये पडले, तर मडमेनं मला गप्प केलं. तिला हिच्याच तोंडून ऐकायचं होतं. पुन्हा विचारलं, पुन्हा "लिटल." तेवढ्यात त्याच कामासाठी आलेली माझीच दुसरी विद्यार्थिनी, साधा भात करपवणारी, "व्हेरी गुड कुक" म्हणून ठणकावून मोकळी झाली. मडमेनं तिला ठेवून घेतलं.

परतताना मी हिला रस्ताभर फैलावर घेतलं. पोपटसुद्धा एवढं बोलला असता! अशी संधी रोज चालून येते का? ती खाली बघून चालत होती. दिराच्या घराच्या कुंपणाचं बेडं दिसलं तेव्हा थांबली.

"बाई, लगीन होऊन आल्यापासना या घरात रांधतंय. बरा झालाय म्हणून कोन कदी बोलला नाय. मग मला तरी काय ठावं, चांगला येतंय का नाय?"

आतून जावेची हाक आली. तिनं बेडं सरकवलं आणि चूल पेटवायला गेली.